लाळ-चाचणी, अमली पदार्थांची (जलद)

लाळ-चाचणी, अमली पदार्थांची (जलद) : माणसाने गेल्या काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत, अमली पदार्थ घेतला आहे का, हे तोंडातल्या लाळेवरून काही मिनिटांत सांगणारी प्राथमिक तपासणी. तिला सुई लागत नाही, लघवीच्या नमुन्यासाठी आडोसा शोधावा लागत नाही. नमुना तपासणाऱ्याच्या डोळ्यांदेखत घेतला जातो, त्यामुळे त्यात पाणी मिसळणे किंवा तो बदलणे अवघड जाते. वाहनचालकांची तपासणी, जोखमीच्या कामावरील कामगारांची सुरक्षा आणि व्यसनमुक्तीचे उपचार ही तिची मुख्य क्षेत्रे.

कार्यपद्धती : स्पंजचा बोळा असलेली कांडी जिभेखाली किंवा गालाच्या आतून धरतात. त्याआधी साधारण दहा मिनिटे खाणे, पिणे, तंबाखू बंद ठेवायची असते. पुरेशी लाळ शोषली गेली की अनेक किटांवरील खूण रंग बदलते. मग बोळा द्रावणात पिळून त्याचे थेंब पट्टीवर सोडतात. पट्टीचे हे तंत्र कोविडकाळात घरोघरी पोहोचले. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोविसेल्फ’ या घरी वापरायच्या किटला २०२१ मध्ये मान्यता मिळाली, त्यातही अशीच पट्टी होती. फक्त नमुना नाकातला होता.

वाचन मात्र उलटे असते. कोविडच्या पट्टीवर दुसरी रेषा उमटली की संसर्ग. इथे रेषा उमटली तर पदार्थ सापडला नाही, आणि रेषा गायब असेल तर सापडला असा अर्थ. पट्टीवर त्या पदार्थाचा अंश आधीच चिकटवलेला असतो. लाळेतून पदार्थ आला तर रंगीत प्रतिपिंडे त्यालाच धरून बसतात आणि रेषेसाठी उरत नाहीत. म्हणून फिकट रेषासुद्धा ‘निगेटिव्ह’च वाचायची. पट्टी नीट चालल्याची खूण असलेली नियंत्रण-रेषाच उमटली नाही तर ती चाचणी रद्द.

लाळेत पदार्थ येतो कसा : रक्तातले औषध लाळग्रंथींतून झिरपते. एमडी (मेफेड्रोन), कोकेन, मेथॅम्फेटामिन ही द्रव्ये अल्कधर्मी असतात आणि लाळ रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी, त्यामुळे ती लाळेत अडकून साठतात. गांजाचे तसे नाही. त्याचे मुख्य द्रव्य टीएचसी रक्तातून लाळेत फारसे उतरत नाही. धूर ओढताना ते तोंडातच चिकटते. लघवीत गांजाचे अवशेष कित्येक दिवस, नेहमीच्या सेवनकर्त्यात कित्येक आठवडे सापडतात. ते मागच्या आठवड्याचे की आज रात्रीचे, हे लघवी सांगत नाही. लाळ त्या बाबतीत अधिक जवळचे उत्तर देते. पण सेवन झाले म्हणजे गाडी चालवण्याची क्षमता गेलीच, असे लाळेवरूनही सिद्ध होत नाही.

पुण्यातील प्रश्न : पुण्याच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा पदार्थ म्हणजे मेफेड्रोन, अर्थात एमडी. २०१५ मध्ये तो अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आला. सप्टेंबर २०२३ मध्ये ससून रुग्णालयाबाहेर एमडी पकडले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यावर छापा घातला आणि पुणे, कुरकुंभ व दिल्ली मिळून १,५०० किलोहून अधिक साठा जप्त केला. परदेशांत रुळलेली किटे मुख्यतः गांजा, कोकेन, अफूजन्य पदार्थ, अॅम्फेटामिन, मेथॅम्फेटामिन शोधतात. मेफेड्रोन अॅम्फेटामिनच्या नात्यातले असले तरी कॅथिनोन या वेगळ्या कुळातले आहे. अॅम्फेटामिनची पट्टी त्याला हमखास ओळखेल याची खात्री नसते. त्यासाठी स्वतंत्र पट्टी लागते. म्हणून इथे किट निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा : यात एमडी सापडते का?

वेळेचे मोल शहराने १९ मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातात अनुभवले. दोन तरुण अभियंत्यांचा जीव पहाटे अडीचच्या सुमारास गेला; अल्पवयीन चालकाचे रक्त ससूनमध्ये घेतले गेले ते काही तासांनी, सकाळी. पुढे तो नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून तिथल्या डॉक्टरांना अटक झाली. प्रश्न तिथे मद्याचा होता, पण जागेवर, साक्षीदारांसमोर आणि लगेच नमुना घेण्याची गरज अमली पदार्थांबाबतही तितकीच आहे.

मर्यादा : दिवाळीत अनारशांवर थापली जाणारी खसखस अफूच्याच बोंडातली, ती नुकतीच खाल्ली असेल तर लाळेत मॉर्फिनचा अंश मिळू शकतो. कोडीनयुक्त खोकल्याचे औषधही अफूजन्य पदार्थांच्या पट्टीवर दिसते. भांग आणि गांजा यांतला फरक पट्टीला कळत नाही, मात्र अमली पदार्थ कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे शेंडे. शेंड्यांविना नुसती पाने, म्हणजे भांग, त्यात येत नाहीत. गांजा आणि एमडी दोन्हींमुळे तोंड कोरडे पडते, आणि पुरेशी लाळच मिळत नाही.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर २००४ मध्ये रस्त्यावर सरसकट लाळ-चाचण्या सुरू केल्या. पहिल्याच दिवशी माध्यमांसमोर ‘पॉझिटिव्ह’ ठरलेला चालक पुढे प्रयोगशाळेत निर्दोष निघाला. तेव्हापासून पट्टी ही केवळ चाळणी, निर्णय प्रयोगशाळेचा, हे सूत्र अधिकच पक्के झाले. दुसरा नमुना सीलबंद करून क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्रीने तपासावा लागतो. पुण्यात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा गणेशखिंडीत आहे.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ मध्ये मद्यासाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा दिली आहे. अमली पदार्थासाठी आकडा नाही. वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल दाखवावा लागतो. पुढची कलमे श्वास-चाचणी आणि रक्ततपासणीची तरतूद करतात, लाळेचा स्वतंत्र उल्लेख करत नाहीत. तरीही केरळ पोलिसांनी २०२२ मध्ये लाळ तपासणारी ‘अल्को स्कॅन व्हॅन’ रस्त्यावर आणली.

उपचारातील उपयोग : व्यसनमुक्तीत ठरावीक काळाने केलेली चाचणी रुग्ण पुन्हा घसरतो आहे का, हे वेळीच दाखवते. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण हे या उपचारांचे जुने केंद्र. अमली पदार्थ कायद्याचे कलम ६४-अ स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या व अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांतील खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते.