ट्रेडमिल चालू का होत नाही: एक छोटासा इतिहास

ट्रेडमिलबरोबर जी पुस्तिका येते तिच्या शेवटच्या पानावर एक तक्ता असतो. डावीकडे तक्रार, उजवीकडे उपाय. पहिली तक्रार जगभर एकच: मशीन चालू होत नाही. पहिला उपायही एकच: वीजपुरवठा तपासा. सिंगापूरमधल्या माणसाला हे तपासायला पाच सेकंद लागतात. आष्टीत (बीडची नव्हे, वर्ध्याचीही नव्हे, जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली) त्या दोन शब्दांचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं. आज शनिवार आहे, रिलीज पुढच्या आठवड्यावर गेलंय, तर जाऊया.

सुरुवात तुरुंगापासून. इंग्लंडमध्ये विल्यम क्युबिट नावाचा एक इंजिनियर होता. गिरण्या, पाणचक्क्या हा त्याचा धंदा. तुरुंगातले कैदी रिकामे बसलेले पाहून त्याने १८१८च्या सुमारास एक लांबलचक फिरतं चाक बनवलं, बाहेरून पायऱ्या असलेलं. कैद्यांनी एका रांगेत उभं राहून त्या पायऱ्या चढत राहायचं. चाक खाली जातं, माणूस तिथल्या तिथे. १८२१मध्ये लंडनच्या ब्रिक्सटन तुरुंगात असं मोठं चाक बसलं आणि त्यावर धान्य दळलं जाऊ लागलं. ट्रेडमिलमधली 'मिल' ती हीच: पायाने चालवायची गिरणी. पुढे कित्येक तुरुंगांत दळायलाही काही नसायचं, चाक नुसतंच हवेत फिरायचं. ऑस्कर वाइल्डला १८९५मध्ये सक्तमजुरी झाली तेव्हा पेंटनव्हिलला त्यालाही हे चाक चढावं लागलं. १८९८च्या कायद्याने ही शिक्षा हळूहळू बंद केली.

म्हणजे आज आपण ईएमआयवर घेतो ते यंत्र मूळचं सक्तमजुरीचं. आपल्याकडेही 'चक्की पिसायला जाणे' म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको :)

ह्यातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. क्युबिटच्या चाकाला 'चालू होत नाही' हा प्रॉब्लेमच नव्हता. माणूस चढला की चाक फिरलं. ऊर्जा माणसाची, काम यंत्राचं. आमच्या आजीच्या जात्याचं तेच. पहाटे उठून दोघी जणी समोरासमोर बसल्या की जातं चालू. खुंटा सैल झाला तर पाचर ठोकायची, पाळू गुळगुळीत झाली तर टाकीवालीला बोलवायचं, संपलं ट्रबलशूटिंग. मग गावात लाइट आली, पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. बायकांच्या पाठीवरचं केवढं ओझं उतरलं! जात्याच्या आठवणीने गहिवरणारे बहुतेक पुरुष असतात, असं माझं निरीक्षण आहे.

ट्रेडमिलने मधल्या काळात पक्ष बदलला. अमेरिकेत सिॲटलच्या विद्यापीठात रॉबर्ट ब्रूस ह्या हृदयरोगतज्ज्ञाने १९५०च्या दशकात, एका इंजिनियरच्या मदतीने, मोटरवर फिरणाऱ्या पट्ट्यावर रुग्णाला चालवून त्याचा ईसीजी काढायला सुरुवात केली. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवायचा. घरातल्या मोठ्यांची टीएमटी झाली असेल तर ती बहुधा ह्याच ब्रूसच्या पद्धतीने झाली आहे. पुढे १९६८मध्ये केनेथ कूपरचं 'एरोबिक्स' हे पुस्तक आलं. ते वाचून न्यू जर्सीच्या विल्यम स्टॉब ह्या मेकॅनिकल इंजिनियरच्या डोक्यात आलं की लोकांना परवडेल असं घरगुती मशीन नाहीच बाजारात. त्याने ते बनवलं, 'पेसमास्टर ६००'. तो स्वतः म्हातारपणापर्यंत ट्रेडमिलवर चालत राहिला आणि २०१२मध्ये ९६व्या वर्षी गेला.

ह्या प्रवासात दिशा उलटी झाली होती. आता ऊर्जा विजेची आणि पाय आपले. माणूस तयार, पण यंत्र म्हणतं, आधी करंट दे.

'आपल्या तालमीत बरं होतं' असं म्हणणारे काका इथे भेटतातच. खरं आहे, मुद्गलाला प्लग नसतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब ऊर्जितावस्थेला आणला, अमरावतीत १९१४मध्ये वैद्य बंधूंचं हनुमान क्लब (आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ) सुरू झालं. मुद्गल तर इंग्रजांनी इथून उचलून 'इंडियन क्लब' म्हणून जगभर नेले, १९०४ आणि १९३२च्या ऑलिंपिकमध्ये ते फिरवायची स्पर्धाही झाली. अभिमान आहेच. पण तालमीत माझ्या आईला कधी कोणी बोलावलं नव्हतं. आज पंचावन्न वर्षांच्या बाईला डॉक्टरने शुगरसाठी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं, तर ती आष्टीत चालणार कुठे? पुण्यात टेकडी आहे, गार्डन आहे, ट्रॅक पॅन्ट घातलेल्या शंभर बायका आहेत. गावात बाई हातात पिशवी नसताना रस्त्याने जाताना दिसली की तिसऱ्या घरी प्रश्न येतो, "कुठं निघालात?" "चालायला" हे उत्तर होऊ शकत नाही. म्हणून लॉकडाऊनमध्ये मी घरून काम करायला गावी गेलो तेव्हा ट्रेडमिल घेतली. आई चार वर्षं त्यावर साडी खोचून चालते आहे. तिची तीन महिन्यांची शुगर आठ पॉइंट सहावरून सातच्या खाली आली. तेव्हा मशीन चालू होत नाही ही आमच्या घरात गमतीची गोष्ट नाही.

आता वीजपुरवठा.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६०चं. परळीचं औष्णिक केंद्र १९७१मध्ये सुरू झालं, तेव्हा कुठे मराठवाड्याच्या मातीत मोठी वीज तयार व्हायला लागली. आणि तीही पाण्यावर अवलंबून: २०१३च्या दुष्काळात परळीचे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. दाभोळच्या एन्रॉनचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९मध्ये सुरू होऊन २००१मध्ये बंद पडला. २००५च्या जूनमध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती झाल्या. त्याच सुमारास राज्यात हजारो मेगावॅटचा तुटवडा होता.

माझ्या वयाच्या ग्रामीण पोरांचं अख्खं बालपण म्हणजे भारनियमन. पुण्याने २००६मध्ये तोडगा काढला: कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, त्याचा जादा खर्च ग्राहकांनी बिलातून भरायचा आणि शहराचं भारनियमन बंद. 'पुणे मॉडेल' म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि ते योग्यही होतं. पण पुढे जिथे गळती जास्त आणि वसुली कमी तिथे अंधार जास्त, असे गट पडले. आमच्यासारखी गावं कुठल्या टोकाला असणार ते ओळखा. प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्याच्या घरातही शेजाऱ्याच्या आकड्यामुळे अंधार. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

त्याच काळात गावठाणाचे फीडर शेतीपंपांपासून वेगळे करायला सुरुवात झाली. अंधाराचे तास कमी होत गेले. आज आष्टीत लाइट जाते, पण पूर्वीसारखी बारा-बारा तास नाही. मात्र लाइट 'असणं' आणि लाइट 'पुरेशी असणं' ह्यात फरक आहे, आणि ट्रेडमिलला नेमका तोच कळतो.

झालं असं की गेल्या उन्हाळ्यात आईचा फोन.
"अरे, बटण दाबलं की पीं वाजतंय अन् सगळं बंद पडतंय."
"लाइट आहे का?"
"लाइट हाय की! बल्ब लागलाय, पंखा फिरायलाय."
"लाल चावी नीट बसवलीस?"
"चार वर्षं झाली मला, चावी येत नसंल का बसवाया?"

बरोबर होतं तिचं. कंपनीच्या हेल्पलाइनने (नाव नको) मशीन न बघताच फोनवर निदान केलं: कार्ड गेलंय, नऊ हजार रुपये. पण दुपारी तेच मशीन व्यवस्थित चालत होतं. गेलेलं कार्ड दुपारी परत येत नाही! कधी येणारा, कधी न येणारा बग असेल तर आधी लॉग बघायचे, हे आपल्याला पहिल्या नोकरीत शिकवतात. आईला म्हटलं, बंद पडेल त्या तारखेला खूण कर. तिने कालनिर्णयवर फुल्या मारल्या. त्याच कालनिर्णयवर नळाला पाणी येतं त्या दिवशी ती आधीपासून गोल करते. दोन आठवड्यांनी तिनेच फोन केला, "फुल्या सगळ्या गोलातच पडायलेत बघ."

सकाळी सहाला नळ येतो आणि गल्लीत सगळे नळाला मोटर लावतात. अर्धा एचपीची एक मोटर म्हणजे ३७३ वॅट. एका फेजवरच्या वीस घरांनी एकदम लावल्या तर साडेसात किलोवॅट, आणि असल्या छोट्या मोटरी करंट त्याहून जास्त ओढतात. ६३ केव्हीएची डीपी असेल तर एका फेजच्या वाट्याला २१ येतात. त्यात आमचं घर लाइनच्या शेवटाला. मी शनिवारी जाऊन मल्टिमीटर लावला: सहा वाजून दहा मिनिटांनी १७४ व्होल्ट, नऊ वाजता २२८. हल्लीचा एलईडी बल्ब १७४वर बिनतक्रार उजळतो. जुना पिवळा बल्ब असता तर लगेच चुगली केली असती, कारण व्होल्टेज उतरलं की त्याचा उजेडही लगेच उतरतो. पूर्वी 'लाइट डिम झाली' हे डोळ्यांना दिसायचं. एलईडीने वीज वाचवली आणि घरातला फुकटचा व्होल्टमीटर काढून नेला.

ट्रेडमिलचा डिस्प्ले कमी व्होल्टेजवरही जागा राहतो. पण पट्टा हलवायला मोटरने करंट ओढला की १७४चे आणखी खाली जातात, कार्ड स्वतःला वाचवायला सगळं बंद करतं. पीं आणि अंधार. इन्व्हर्टरवर लावूनही उपयोग नाही: दीड एचपीच्या मोटरला अकराशे वॅटच्या वर लागतात, घरचा नऊशे व्हीएचा इन्व्हर्टर लगेच ओरडतो. फ्रीजचा स्टॅबिलायझरही एवढा भार पेलत नाही.

वायरमनदादांना मल्टिमीटरचे आकडे दाखवले. ते म्हणाले, "तुमच्या फेजवर लई घरं हायती." रीतसर लाइन बंद करून त्यांनी खांबावर आमची सर्व्हिस वायर दुसऱ्या फेजवर घेतली. पुढच्या पाण्याच्या दिवशी सव्वासहाला २०६ व्होल्ट. पट्टा फिरला.

तुमच्या घरी असं झालं तर माझा क्रम असा राहील. लाल चावी आणि तिचं चुंबक. वायर जिथे मशीनमध्ये शिरते तिथलं छोटं रिसेट बटण. सॉकेट सोळा अँपियरचा आहे ना, एक्स्टेन्शन बोर्ड नाही ना. एमसीबी. मग वेळ: कधी बंद पडतं, तेव्हा गल्लीत काय चालू असतं. अमेरिकेहून कोणी प्रेमाने आणलेलं मशीन असेल तर मागची पट्टी वाचा, ते ११० व्होल्टचं असतं. आपल्या २३०मध्ये थेट खुपसू नका. आणि झाकण उघडणार असाल तर प्लग काढून, थोडं थांबून; आतले कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. नऊ हजारांचं कार्ड सगळ्यात शेवटी.

आईने कालनिर्णयवर गोल करणं अजून सोडलेलं नाही, पाणी भरायचं असतंच. फुल्या मात्र मेपासून नाहीत. आता समोरच्या काकू विचारतायत, त्यांनाही डॉक्टरने चालायला सांगितलंय आणि त्यांचं घर अजून जुन्याच फेजवर आहे.