मोटारींतील ध्वनियंत्र : एका निवडीचा इतिहास

मोटार विकत घेतल्यावर तींत कोणता स्टीरिओ बसवावा आणि स्पीकर कोणते घ्यावे, हा प्रश्न आज शहरांतील पुष्कळ कुटुंबांत निघतो. दुकानदार पुढें चार खोकीं मांडतो, त्यांवर मोठमोठे आंकडे छापलेले असतात, आणि गिऱ्हाईक बहुधा सर्वांत मोठ्या आंकड्याकडे बोट दाखवितें. ही निवड करण्याचा अधिकार गिऱ्हाइकास कसा लाभला आणि तो कशावर टिकून आहे, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. परंतु त्या दुकानांत उपयोगीं पडणाराही आहे.

१९३० सालच्या जून महिन्यांत शिकागोचे कारखानदार पॉल गॅल्व्हिन यांनीं आपल्या स्टुडबेकर मोटारींत रेडिओ बसविला आणि ती मोटार घेऊन ते अटलांटिक सिटी येथें रेडिओ-उत्पादकांच्या परिषदेस गेले. तेथें बाहेर मोटार उभी करून त्यांनीं येणाऱ्याजाणाऱ्यांस रेडिओ ऐकविला. या यंत्रास त्यांनीं दिलेलें 'मोटोरोला' हें नांव पुढें १९४७ सालीं सबंध कंपनीनेंच धारण केलें. जर्मनींत १९३२ सालीं ब्लाउपुंक्ट छापाचा मोटार-रेडिओ निघाला. त्याचें वजन सुमारें १५ किलो आणि किंमत ४६५ मार्क, म्हणजे लहान मोटारीच्या किमतीच्या जवळजवळ एक-तृतीयांश होती!

त्या काळीं आवाज गोड कीं कर्कश, हा प्रश्न दुय्यम होता. व्हॉल्व्हना लागणारा मोठा विद्युद्दाब मोटारीच्या बॅटरींतून सरळ मिळत नसे. इंजिनांतील ठिणगीची खरखर रेडिओंत शिरे, ती वेगळ्या उपायांनीं दाबावी लागे. बेल प्रयोगशाळेंत १९४७ सालीं ट्रॅन्झिस्टरचा शोध लागला आणि १९५५ सालीं फिल्को व क्रायस्लर या कंपन्यांनीं सर्वस्वी ट्रॅन्झिस्टरांवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला. यंत्र लहान झालें, बॅटरीवरचा भार हलका झाला, आणि मग सुस्वरतेचा विचार करण्यास अवसर मिळाला.

परंतु यंत्र लहान होणें निराळें आणि ग्राहकास निवड मिळणें निराळें. निवड मिळाली ती कारखानदारांच्या आपसांतील एकवाक्यतेमुळें. फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं लहान कॅसेट काढली आणि पुढें ती तयार करण्याची परवानगी इतरांस विनामूल्य दिली. त्यामुळें एका कंपनीची कॅसेट दुसरीच्या यंत्रांत चालूं लागली. याहून महत्त्वाची गोष्ट एका रिकाम्या चौकटीची! जर्मनींत मोटार-रेडिओच्या खांचेचें ठराविक माप निश्चित झालें आणि १९८४ सालीं तें आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालें. रुंदी सुमारें १८२ मिलिमीटर, उंची सुमारें ५३ मिलिमीटर. या मापाच्या खांचेंत कोणत्याही कारखान्याचें त्याच मापाचें यंत्र बसूं शकतें. मोटार एकाची आणि वाद्य दुसऱ्याचें, ही मोकळीक मुख्यत्वें या लहानशा चौकटीनें दिली.

आतां खोक्यावरील आंकड्याकडे वळूं. '५० वॅट, चार स्पीकर' असें तेथें बहुधा छापलेलें असतें. इंजिन चालू असतां मोटारींत सुमारें १४.४ व्होल्ट दाब असतो आणि मोटारीचा स्पीकर सामान्यतः ४ ओहमचा असतो. १४.४ चा वर्ग सुमारें २०७. त्यास ४ नें भागिलें असतां ५२ येतात. खोक्यावरील ५० चें मूळ हेंच. परंतु ही लहरीच्या शिखरावरील क्षणमात्र शक्ति झाली. शुद्ध स्वराची सतत टिकणारी शक्ति तिच्या अर्धी, म्हणजे २६ वॅट. आणि यंत्रांतील तूट वजा जातां सुमारें २० च उरतात. अधिक शक्ति हवी असल्यास दाब वाढविणारा निराळा ॲम्प्लिफायर घ्यावा लागतो. हा गोंधळ मिटविण्यासाठीं अमेरिकेंतील उत्पादकांच्या संघटनेनें २००३ सालीं मोजमापाची एक पद्धत ठरविली : १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि विकृति एक टक्क्याहून अधिक नाहीं. म्हणून खोक्यावर 'आर. एम. एस.' हीं अक्षरें कोणत्या आंकड्यापुढें आहेत, तें आधीं पाहावें.

स्पीकरच्या बाबतींतही तसेंच. एक वॅट शक्ति दिली असतां एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज निघतो, हें त्याच्या माहितीपत्रकांत दिलेलें असतें. ८७ डेसिबलच्या स्पीकराहून ९० डेसिबलचा स्पीकर निम्म्या शक्तींत तितकाच आवाज देतो. शिवाय दारांतील भोकाचें माप, आणि कांच खालीं आली असतां स्पीकरला अडणार नाहीं इतकी खोली, हींही पाहिलीं पाहिजेत. मोटार म्हणजे दिवाणखाना नव्हे. तींत कांचा आवाज परतवितात, गाद्या शोषून घेतात, आणि ऐकणारा मध्यभागीं बसत नाहीं. हें ओळखून बंगाली पित्याचे पुत्र, प्राध्यापक अमर बोस यांच्या कंपनीनें जनरल मोटर्सच्या १९८३ सालच्या कांहीं गाड्यांसाठीं त्या त्या गाडीच्या अंतर्भागास अनुरूप अशी ध्वनियोजना केली.

ही योजना उत्तम खरी. परंतु तींत निवड कारखानदाराची असते. आज पुष्कळ नव्या मोटारींत ती प्रमाणबद्ध खांचच उरलेली नाहीं. एकाच पडद्यांत गाणें, नकाशा, मागचा कॅमेरा, आणि कित्येकदां वातानुकूलनही गुंतलेलें असतें. तो पडदा काढून दुसरा बसविणें सोपें राहत नाहीं. सोय वाढली, परंतु त्या चौकटीनें दिलेला अधिकार आकुंचित झाला. ग्राहकाच्या हातीं मुख्यतः स्पीकर आणि ॲम्प्लिफायर एवढेंच उरलें आहे.

तेव्हां मोटार घेण्यापूर्वींच तींतील यंत्र बदलतां येईल कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. आणि दुकानांत गेल्यावर आपल्या परिचयाचें एखादें गाणें मध्यम आवाजांत ऐकावें. शब्द स्पष्ट उमटतात कीं नाहीं, हें कान सांगतील. माप सर्वांचें एक असलें म्हणजेच निवड आपली राहते, हें या इतिहासाचें सार होय.