‘उन्हाळे’ : उष्णोदकांच्या ग्रामनामांचा एक विचार

वारजे येथून पश्चिमेकडे निघालेला आजचा पुणेकर पौडमार्गे ताम्हिणी घाट उतरून माणगावास पोचतो. तेथून उत्तरेस पालीजवळ उन्हेरे व दक्षिणेस महाडजवळ सव, अशी गरम पाण्याची दोन ठिकाणे त्याच्या आवाक्यात येतात. शिणलेले अंग शेकून घ्यावे व दोन दिवस विसावा घ्यावा, एवढाच त्याचा बेत असतो. पूर्वीचा यात्रेकरू येथे येई तो त्वचाविकारावर किंवा संधिवातावर उतारा मिळावा म्हणून, अथवा देवदर्शनाचे एक अंग म्हणून. पालीच्या बल्लाळेश्वराला जाणाऱ्यांचे उन्हेऱ्याचे स्नान हे याच दुसऱ्या प्रकारातले होय.

या स्थळांचा इतिहास सांगताना सामान्यतः दैवतकथांवरच भर दिला जातो. वस्तुतः त्याहून अधिक बोलका पुरावा ग्रामनामांत आहे. पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे. घाटावर जळगाव जिल्ह्यातील उनपदेव व नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर : या सर्वांच्या पूर्वपदी एकच शब्द आहे. संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’, मराठी ‘उन्ह’ अथवा ‘ऊन’ ही परंपरा सुपरिचित आहे. कोकणीत तोच शब्द हकार पुढे येऊन ‘हून’ झाला. कोकणात ‘उन्हाळे’ म्हणजे गरम पाण्याचा झरा. राजापूरजवळच्या गावाने हे सामान्यनामच विशेषनाम म्हणून धारण केले आहे. (राजापूरची अधूनमधून प्रकट होणारी गंगा निराळी, तिची व या झऱ्याची गल्लत अनेकदा होते.) उनपदेव व उनकेश्वर या दोन्ही ठिकाणी शरभंग ऋषींची कथा सांगतात. स्थळे एकमेकांपासून इतकी दूर आणि कथा मात्र एकच, यावरून कथा मागाहून येऊन चिकटली असावी असे म्हणावेसे वाटते. नाव कथेवर अवलंबून नाही. ते पाण्यात हात घालणाऱ्याने दिलेले आहे.

अर्थात हा नियम सार्वत्रिक नव्हे. सव, तुरळ, आरवली, राजवाडी, अकलोली या नावांत उष्णतेचा मागमूस नाही. तानसा नदीच्या काठी तर दैवतानेच गावाचे नाव व्यापले. वसईची मोहीम फत्ते झाल्यास मंदिर बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला केला होता, अशी परंपरा आहे. १७३९ मध्ये वसई पडली व मंदिर उभे राहिले. तेथील कुंडांचे ऊन पाणी म्हणजे देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त, असे लोककथा सांगते. पावसाळ्यात तानसेला पूर आला की पात्रातील झरे बुडतात, आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा वाफाळू लागतात. अशा पाण्याला अशी कथा सुचावी यात नवल नाही.

एकोणिसाव्या शतकात या पाण्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली. भूवैज्ञानिक थॉमस ओल्डहॅम यांनी केलेली भारतातील उष्ण झऱ्यांची यादी त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ३०० झरे आहेत. कोकणातील झरे सह्याद्रीला समांतर अशा दक्षिणोत्तर पट्ट्यात येतात, हे आता सर्वमान्य आहे. त्यांच्या उष्णतेला ज्वालामुखी कारण नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच निवाला. पावसाचे पाणी खडकांतील भेगांतून खोल जाते, भूगर्भाच्या उष्णतेने तापते व दुसऱ्या भेगेने वर येते. उन्हवरे येथे त्याचे उष्णतामान ७० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते निवविल्याशिवाय त्यात उतरताच येत नाही. लोक सरसकट ‘गंधकाचे पाणी’ म्हणतात, परंतु कोकणातील बहुतेक झऱ्यांत क्लोराइडयुक्त क्षारांचे प्राबल्य आहे.

प्रमाण मराठीने मात्र ‘उन्हाळे’ हा शब्द जवळजवळ टाकून दिला आणि त्याच्या जागी ‘गरम पाण्याचे कुंड’ हा लांबलचक पर्याय आणला. परिणामी, राजापूरजवळच्या गावाचे नाव वाचून पुण्याच्या विद्यार्थ्याला वैशाख आठवतो, झरा नव्हे. तोच विद्यार्थी घरी ‘ऊन ऊन भात’ वाढून घेतो, आणि तेथे त्याला ऋतूची आठवण होत नाही.