पुतळीवर कोण आहे?



पुतळ्यांची माळ आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. लग्नात अंगावर चढलेली, अडीनडीला गहाण पडलेली, सासूकडून सुनेकडे आलेली. पण पुतळी मुळात परदेशी नाणं होतं, हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहे?

इटलीत समुद्रकाठी व्हेनिस नावाचं शहर आहे. १२८४ साली तिथे 'डुकाट' हे सोन्याचं नाणं पाडायला सुरुवात झाली. एका बाजूला संत मार्क उभे आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख. मध्ये ध्वजाची काठी. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांमध्ये येशू ख्रिस्त. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. १७९७ मध्ये व्हेनिसचं राज्य बुडेपर्यंत यात फारसा बदल झाला नाही. म्हणून व्यापाऱ्यांचा त्यावर भरवसा.

आपल्या देशातली मिरी आणि कापड इजिप्तमार्गे युरोपात जाई, आणि तांबड्या समुद्रातून हे सोनं आपल्या बंदरांत येई. नाण्यावर माणसं कोरलेली, म्हणून आपल्याकडे ती 'पुतळी' झाली. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांमध्ये पुतळीचंही नाव आहे. दक्षिणेत लोकांना त्याच चित्रात ताडावर चढणारा शाणार दिसला, म्हणून तिकडे त्याला 'शाणार कासू' म्हणत. मागणी इतकी, की आपल्या सोनारांनीही तशाच पुतळ्या घडवल्या.

आज जुनी माळ मोडीत निघते तेव्हा फक्त वजनाचे पैसे हाती येतात. नाणं वितळलं की त्याचा इतिहासही गेला. म्हणून आम्ही बचतगटाच्या बैठकीत सांगतो, मोडण्याआधी किंवा गहाण ठेवण्याआधी एवढं करा. प्रत्येक पुतळी भिंगाखाली दोन्ही बाजूंनी पाहा. काठीलगत एकाखाली एक रोमन अक्षरं आहेत का? माणसांच्या आकृती आहेत का? असतील तर घाई नको. अस्सल की नक्कल, हे नाण्यांच्या जाणकाराला किंवा संग्रहालयात दाखवून विचारा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. वजन करा. माळ कोणाकडून कोणाकडे आली, ते वहीत लिहा.

शेत, घर बहुधा पुरुषांच्या नावावर राहिलं. आजी-पणजीच्या हक्काचं होतं ते हे स्त्रीधन. त्याची नोंद आपणच ठेवायची.