रेणुचित्रण स्क्रिप्टमधील त्रुटी-हाताळणी

प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंची त्रिमितीय रचना पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रिप्टद्वारे आज्ञा देताना होणाऱ्या चुका ओळखणे, त्या वापरणाऱ्याला कळवणे आणि थांबायचे की पुढे जायचे हे ठरवणे. पायमॉलसाठी स्क्रिप्ट पायथॉनमध्ये, व्हीएमडीसाठी टीसीएलमध्ये, तर पुणे विद्यापीठात घडलेल्या मेटा स्टुडिओसाठी बीनशेलमध्ये लिहितात. चूक पकडण्याची सोय तिन्ही भाषांत आहे. मात्र स्क्रिप्ट बंद पाडणारी चूक इथे फारशी घातक नसते. बिनतक्रार चित्र काढून देणारी चूक घातक असते.

विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. जनुकशास्त्राच्या आजच्या नोंदीत हीच जागा सातवी ठरते, कारण तिथे सुरुवातीचे मेथिओनिनही मोजतात. तो सातचा आकडा ४एचएचबी या निरोगी हिमोग्लोबिनच्या रचनेवर वापरला, तर भलतेच आम्ल रंगते. आणि या साखळीत सहावे-सातवे दोन्ही ग्लुटामिकच असल्याने आम्लाचे नाव तपासूनही चूक सापडत नाही. २एचबीएस या सिकल हिमोग्लोबिनच्या रचनेवर, त्या जागी व्हॅलिनच असले पाहिजे अशी अट घालून स्क्रिप्ट चालवली, तरच ती उघडी पडते. साखळी ओळखण्यासाठी दिलेले अक्षर चुकले तर प्रकार याहून सोपा, पण तितकाच फसवा: पायमॉल शून्य अणूंची निवडही मान्य करते आणि रंग देण्याची आज्ञा निमूट पार पडते. म्हणून निवडीनंतर अणू मोजावेत आणि शून्य आल्यास स्क्रिप्टने स्वतःच थांबावे.

यावर आक्षेप येतो, तो शेकडो फाइली रात्रभर चालवणाऱ्यांचा: एका सदोष फाइलीपायी सगळे काम का अडावे? आक्षेप रास्त आहे, पण त्यावर सरसकट सगळ्या चुका गिळून टाकणे हा उपाय नव्हे. प्रत्येक फाइलीची चूक वेगळी पकडून, फाइलीचे नाव व कारण नोंदवून पुढे जाता येते. नवशिक्यांना चूक कळवणाऱ्या लाल अक्षरांची धास्ती वाटते, हा दुसरा आक्षेप. अणदूरसारख्या गावातल्या महाविद्यालयात प्रात्यक्षिक करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘ही साखळी या फाइलीत नाही’ असे साध्या मराठीत छापून दाखवता येते. त्यासाठी स्क्रिप्टमध्ये दोन ओळी पुरतात.

स्क्रिप्ट बंद पाडणारी चूक कमी घातक का, हे एका उदाहरणातून दिसते: २०१८ मध्ये पायथॉन ३.७ने ‘असिंक’ हा शब्द राखीव केला, तेव्हा रचना उतरवून घेताना त्या नावाचा पर्याय वापरणाऱ्या जुन्या पायमॉल स्क्रिप्ट एकही ओळ न चालवता अडल्या. त्यांतून एकही चुकीचे चित्र बाहेर पडले नाही.