धारवाड-हुबळीचा शैक्षणिक वारसा आणि आपली अध्यापनपद्धती

आपल्या धर्मशिक्षणसंस्थांत अभ्यासक्रमाविषयी पुष्कळ चर्चा होते. कोणता विषय ठेवावा, कोणता वगळावा, ग्रीक व हिब्रू भाषा सक्तीच्या असाव्यात की ऐच्छिक, याविषयी ठराव होतात. परंतु वर्गात बसलेला विद्यार्थी प्रत्यक्ष शिकतो कसा, आणि आपण जे शिकवितो त्यातील किती त्याच्या अंतःकरणात व बुद्धीत उतरते, या प्रश्नाकडे आपण फारसे वळत नाही. धारवाड व हुबळी या जोडनगरांच्या इतिहासात मात्र हा प्रश्न गेल्या पावणेदोनशे वर्षांत निरनिराळ्या स्वरूपांत वारंवार उपस्थित झालेला दिसतो. त्या इतिहासाचे ओझरते अवलोकन करून आपल्या पाळकांना व प्रचारकांना त्यातून काय घेता येईल, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. भाषेचा प्रश्न

पेशवाईचा अंत १८१८ साली झाला व हा मुलूख इंग्रजांच्या अमलाखाली आला. नव्या राज्यकर्त्यांनी त्यास ‘दक्षिण मराठा प्रांत’ असे नाव दिले. पेशव्यांच्या काळापासून दप्तराची भाषा मराठी होती. त्यामुळे सरकारी शाळा निघाल्या तेव्हा त्यांतही मराठीच आली. घरी, शेतात व बाजारात कन्नड बोलणारे मूल शाळेत येऊन मराठी अक्षरे गिरवू लागले. ते अक्षरे ओळखी, पाठांतर करी, विचारल्यास म्हणूनही दाखवी. पण म्हटलेल्याचा अर्थ त्यास उमगे असे नव्हे. आपण मराठी भाषकांनी या गोष्टीचे नम्रपणे स्मरण ठेवणे उचित होय. परभाषेच्या ओझ्याबद्दल आपण इंग्रजीकडे बोट दाखवितो; येथे ते ओझे आपल्याच भाषेचे होते.

वॉल्टर इलियट यांच्यासारख्या अधिकाऱ्याने या भागात कन्नड शाळेचा प्रयत्न आरंभीच केला होता. १८५४च्या वुड यांच्या खलित्याने देशी भाषांतून शिक्षण व शिक्षकांचे प्रशिक्षण या दोन्ही गोष्टींवर भर दिला, आणि त्यानंतर शिक्षणाधिकारी रसेल व डेप्युटी चन्नबसप्पा (१८३४–१८८१) यांनी कन्नड शाळांचा पाया घातला. चन्नबसप्पांची दृष्टी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. केवळ पुस्तकांची भाषा बदलून भागणार नाही, शिकविणाराही तयार केला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते; धारवाडच्या शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयाच्या इतिहासात त्यांचे नाव म्हणूनच आदराने घेतले जाते. पुढे १८९० साली कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला व या कार्यास लोकांचे पाठबळ मिळाले.

याचा अर्थ दोन भाषांत वैर होते असा मात्र नव्हे. कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. ते शिकले पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, अध्यापन केले सोलापुरात, आणि कन्नड काव्याचे भूषण ठरले. उलटपक्षी आपले जी. ए. कुलकर्णी यांनी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत आयुष्याची बहुतेक वर्षे काढली व मराठी कथेस नवे रूप दिले.

२. बासेल मिशन आणि सहवासाची शाळा

बासेल मिशनचे पहिले मिशनरी १८३४ साली मंगळुरास उतरले. धारवाडचे केंद्र १८३७ साली व हुबळीचे १८३९ साली सुरू झाले. या मिशनऱ्यांनी प्रथम विद्यार्थी व्हावयाचे पत्करले. लोकांची भाषा शिकल्यावाचून त्यांना काही शिकविता येणार नाही, ही त्यांची धारणा होती. फर्डिनांड किट्टेल १८५३ साली आले व धारवाड-हुबळीच्या परिसरात राहून त्यांनी कन्नडचा जो अभ्यास आरंभिला, त्याचे फळ म्हणजे १८९४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा सुमारे सत्तर हजार शब्दांचा कन्नड-इंग्रजी कोश. आजही धारवाडात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे.

धर्मसेवकांच्या शिक्षणाच्या दृष्टीने मंगळूर येथे १८४७ साली स्थापन झालेले धर्मविद्यालय महत्त्वाचे आहे. हरमान मोग्लिंग हे विद्यार्थ्यांबरोबर राहत आणि त्यांच्या दिनक्रमात सहभागी होत. त्यांच्या सहवासातून प्रभूकडे वळलेले आनंदराव कौंडिण्य या सारस्वत तरुणाचा बाप्तिस्मा १८४४ साली झाला. त्यांनी बासेल येथे जाऊन शिक्षण घेतले व परत येऊन सेवा केली. बेळगावचे बाबा पदमनजी यांचाही बाप्तिस्मा पुढील दशकात, १८५४ साली, झाला. या दोघांच्या जीवनात शिक्षक हा केवळ विषय सांगणारा नव्हता. प्रश्न विचारण्यास, शंका घेण्यास व वाद घालण्यासही तेथे मोकळीक होती. मोठी किंमत देऊन पत्करावयाची श्रद्धा पाठांतराच्या बळावर टिकली नसती.

३. परीक्षांचे राज्य

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे प्रामुख्याने परीक्षा घेणारी व महाविद्यालये संलग्न करणारी संस्था म्हणून. उच्च शिक्षणासाठी धारवाडच्या तरुणांस दीर्घ काळ पुण्यामुंबईस जावे लागे. कर्नाटक कॉलेज १९१७ साली धारवाडात निघाले व पुढे सदर्न मराठा रेल्वेच्या जुन्या मुख्य कचेरीच्या भव्य इमारतीत गेले. कर्नाटक विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली. ज्ञानाची दारे जवळ आली ही मोठीच गोष्ट झाली. परंतु अभ्यासक्रम एकाने ठरवावा, शिकवावे दुसऱ्याने आणि परीक्षा तिसऱ्याने घ्यावी, ही रचना तशीच राहिली. या रचनेत विद्यार्थ्याचे लक्ष अपरिहार्यपणे प्रश्नपत्रिकेकडे लागते, आणि शिक्षकाचे टिपणे पुरी करण्याकडे.

ख्रिस्ती महाविद्यालयांनी हा दोष वेळीच ओळखला होता. ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने १९३१ साली भारतातील ख्रिस्ती उच्च शिक्षणाविषयी जो अहवाल दिला, त्यात परीक्षांच्या वर्चस्वाखाली महाविद्यालयांचे स्वत्व कसे दडपले जाते हे मांडले होते, आणि संशोधन व समाजाशी संपर्क यांना महाविद्यालयाच्या जीवनात स्थान द्यावे असे सुचविले होते. राधाकृष्णन आयोगानेही पुढे (१९४८–४९) सुधारणांमध्ये परीक्षापद्धतीच्या सुधारणेस अग्रस्थान दिले. निदान झाले, उपचार मात्र मागे राहिला.

४. अध्यापनाचेच संशोधन

या जुन्या प्रश्नास अलीकडे हुबळीत एक नवे वळण मिळाले. कर्नाटक लिंगायत शिक्षण संस्थेचे भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली येथे निघाले. २०१५ साली त्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठात रूपांतर झाले. तत्पूर्वी, जानेवारी २०१४मध्ये, अभियांत्रिकी शिक्षणातील परिवर्तनाविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद याच महाविद्यालयात भरली. पूल कसा बांधावा याबरोबर पूल बांधणे कसे शिकवावे, हाही तेथे संशोधनाचा विषय मानला गेला. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष समस्या देऊन गटागटाने उपाय शोधावयास लावणारा अभ्यासक्रम तेथील प्राध्यापकांनी योजला आणि त्याच्या अनुभवांवर निबंध प्रसिद्ध केले. अशा निबंधांस वाहिलेले एक नियतकालिक आपल्या सांगली जिल्ह्यातील राजारामनगर येथून निघते, हेही नमूद करण्यासारखे आहे.

जगात अन्यत्र झालेल्या अभ्यासांचे दोन निष्कर्ष येथे सांगणे अगत्याचे आहे. विज्ञान, गणित व अभियांत्रिकी यांच्या अध्यापनाविषयीच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झाला. केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण शेकडा सुमारे ३४ होते. प्रश्न, चर्चा व कृती यांतून शिकणाऱ्या वर्गांत ते सुमारे २२ होते. दुसरा निष्कर्ष अधिक अंतर्मुख करणारा आहे. हार्वर्ड येथील पदार्थविज्ञानाच्या वर्गांत २०१९ साली असे दिसून आले की, रीतीने मांडलेले सुरेख व्याख्यान ऐकलेल्या विद्यार्थ्यांस आपण अधिक शिकलो असे वाटले. प्रत्यक्षात अधिक शिकले होते ते स्वतः धडपडलेले विद्यार्थी. ओघवते भाषण ऐकून होणारे समाधान आणि ज्ञानप्राप्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत.

५. आपल्यापुढील विचार

येथे एक आक्षेप संभवतो. धर्मज्ञान हे यंत्रशास्त्र नव्हे. प्रार्थना, पाचारण व चारित्र्य यांचे मोजमाप गुणपत्रिकेवर होत नाही. हा आक्षेप रास्त आहे. वरील अभ्यास विज्ञानविषयांचे आहेत, आणि ते जसेच्या तसे आपल्या वर्गास लागू करणे अविचाराचे होईल. व्याख्यानासही त्याचे स्थान आहे. विषयाची प्रथम ओळख करून देण्यास त्यासारखे साधन नाही. परंतु धर्मज्ञान मोजता येत नाही ही सबब पुढे करून, आपण सांगितलेले विद्यार्थ्यास कळले की नाही याची चौकशीच न करणे, हे मात्र क्षम्य नव्हे.

आपल्या वर्गांत काय घडते? शिक्षक टिपणे सांगतो, विद्यार्थी ती उतरवून घेतो, आणि सेरामपूरच्या सिनेटच्या वा अन्य परीक्षेत तीच परत लिहून देतो. तो उत्तीर्ण होतो, त्याची दीक्षा होते, तो खेड्यातील मंडळीत जातो. तेथे एखादी वृद्ध भगिनी त्यास विचारते, “पाळकसाहेब, माझा मुलगा एवढा देवभीरू, मग तो तरुणपणी का गेला?” या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही टिपणात नसते. ईयोबाच्या पुस्तकावरील चार सिद्धांत त्याने पाठ केलेले असतात. पण त्या पुस्तकाशी त्याने स्वतः झुंज दिलेली नसते. मग तो ते सिद्धांत तिला ऐकवितो, आणि ती मान हलवून घरी जाते. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी परभाषेची अक्षरे अर्थावाचून गिरविणाऱ्या मुलाहून हा विद्यार्थी फारसा वेगळा नाही.

फिलिप्पाने रथात बसलेल्या हबशी अधिकाऱ्यास गाठले तेव्हा प्रथम प्रवचन केले नाही. वाचलेले समजते काय, असे विचारले. अधिकाऱ्याने त्यास शेजारी बसवून घेतले आणि तो ज्या वचनाशी अडला होता तेथूनच शिक्षणास आरंभ झाला.

यातून दोन-तीन गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत. प्रत्येक तासाच्या अखेरीस विद्यार्थ्यास, आज काय समजले व काय समजले नाही, हे दोन ओळींत लिहावयास सांगावे, व पुढील तास त्यापासून आरंभावा. पवित्र शास्त्राचा उतारा समजावून देण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी तो आपसांत, आपल्या बोलीत, एकमेकांस समजावून सांगावा. मंडळीत प्रत्यक्ष उद्भवलेला प्रश्न वर्गात मांडून त्याचा विचार करावा. प्रचारकांनाही बाप्तिस्म्याच्या व दृढीकरणाच्या वर्गात हे करता येईल. त्यास खर्च नाही, केवळ धीर हवा. मुले गप्प बसली म्हणजे शिकली, असे मानण्याची सवय मात्र सोडावी लागेल.

डेप्युटी चन्नबसप्पांपुढे जो प्रश्न होता, तोच हुबळीच्या अभियांत्रिकी प्राध्यापकांपुढे आला, आणि तोच आज आपल्यापुढे आहे. त्यांनी आपापल्या परीने त्यास उत्तर दिले. ज्यांच्या हाती प्रभूने आपली मेंढरे सोपविली आहेत, त्यांनी तो टाळावा हे बरे नव्हे.