वेळास

वेळास : महाराष्ट्र राज्याच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याचे समुद्रकाठचे खेडे. सावित्री नदीच्या मुखाशी असलेल्या बाणकोटपासून ते जवळच आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणीस यांच्या भानू घराण्याचे मूळ गाव म्हणून ते पूर्वीपासून प्रसिद्ध असून, कोकणातील सागरी कासवांच्या संघटित संरक्षणाचा आरंभ येथे झाल्यामुळे अलीकडे त्यास नवे महत्त्व प्राप्त झाले आहे. गावाच्या पाठीशी जांभ्या दगडाचा डोंगर, मध्ये नारळ-पोफळीच्या वाड्या आणि पुढे सुरूच्या बनापलीकडे लांब पुळण अशी येथील भूरचना आहे.

इतिहास : भानू घराण्याकडे वेळासची महाजनकी होती. सावित्रीच्या खाडीपलीकडील श्रीवर्धनच्या भट घराण्यास जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे वतन सोडावे लागले, तेव्हा भानूंनी त्यास आश्रय दिला आणि पुढे उभय घराण्यांनी एकत्रच देशावर प्रयाण केले, असे परंपरा सांगते. भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथास पेशवेपद मिळाल्यावर फडणिशी भानूंकडे आली; १७१९ मध्ये पेशव्यांबरोबर दिल्लीस गेलेले नानांचे आजोबा बाळाजी महादजी तेथील दंग्यात मारले गेले. नानांचा (बाळाजी जनार्दन भानू) जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला. पानिपतच्या रणातून बचावून परतल्यावर त्यांनी फडाचा कारभार हाती घेतला, बारभाईंच्या (मातबर मुत्सद्द्यांच्या गटाच्या) कारस्थानात अग्रस्थान मिळवले आणि १३ मार्च १८०० रोजी पुण्यास देह ठेवीपर्यंत मराठी राज्याचा गाडा बहुतांशी आपल्या बुद्धिबळावर हाकला. गावातील महालक्ष्मी व कालभैरव-रामेश्वर ही देवस्थाने या घराण्याशी निगडित मानली जातात. नानांचे स्मारकही गावात आहे.

खाडीच्या मुखावर नजर ठेवणारा बाणकोटचा किल्ला आंग्र्यांच्या अमलात हिंमतगड या नावाने ओळखला जाई. पेशवे व इंग्रज यांच्या तुळाजी आंग्र्यावरील मोहिमेत, १७५५ मध्ये, तो इंग्रजांच्या हाती पडला आणि १७५६ च्या तहाने पेशव्यांनी त्यावरील इंग्रजांचा ताबा मान्य केला. इंग्रजांनी त्यास फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव दिले. दक्षिण कोकणचा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा त्याचे ठाणे आरंभी बाणकोटास होते; १८२२ मध्ये ते रत्नागिरीस हलविण्यात आले.

कासवे व त्यांचे संरक्षण : वेळासच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या मुख्यत्वे नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री अंडी घालण्यास येतात. ओडिशातील गहिरमाथ्याप्रमाणे येथे त्या झुंडीने येत नाहीत. एकेकटी मादी भरतीच्या रेषेवर चढते, मागील वल्ह्यांसारख्या पायांनी आळीपाळीने वाळू उपसून सुमारे दीड फूट खोल, तळाशी रुंद असा खड्डा करते, त्यात शंभराच्या आगेमागे अंडी घालते आणि वाळू लोटून, अंगाच्या भाराने ती चोपून, परत फिरते. पुढे अंड्यांकडे ती वळूनही पाहत नाही. वाळूच्या उबेवर सुमारे ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. घरट्याचे तापमान अधिक असल्यास माद्या व कमी असल्यास नर अधिक निपजतात, यास्तव सागरी कासवांच्या भवितव्याशी हवामानबदलाचा थेट संबंध पोहोचतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असूनही, घरटी कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि अंडी खाणाऱ्या-विकणाऱ्या माणसांच्या तावडीतून क्वचितच सुटत.

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, ग्रामस्थांच्या साहाय्याने येथे संरक्षणकार्य हाती घेतले. गावातील तरुण कासवमित्र पहाटे पुळण पालथी घालतात. वल्ह्यांच्या मागावरून घरटे हुडकतात. अंडी हलकेच काढून, उलटसुलट होऊ न देता, कुंपण घातलेल्या जागेत, मूळ घरट्याइतक्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतात आणि प्रत्येक खड्ड्यावर तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावतात. पिल्ले निघण्याचा सुमार आला, म्हणजे खड्ड्यांवर टोपल्या पालथ्या घातल्या जातात. त्या सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात आणि वर आलेली पिल्ले समुद्राच्या दिशेने वाळूवर सोडतात; पाण्यापर्यंतचे अंतर मात्र त्यांनी स्वतःच तोडावयाचे असते. पिल्ले सोडण्याच्या हंगामात भरणाऱ्या कासव महोत्सवास येणारे पाहुणे ग्रामस्थांच्या घरीच उतरतात. कायद्याचा धाक जे साधू शकला नाही, ते अंड्यांच्या रक्षणात गावाचे हित गुंतल्याने साधले, आणि या कार्याची खरी थोरवी येथेच आहे. पुढे वन विभाग व कांदळवन कक्ष यांच्या सहभागाने हाच परिपाठ अंजर्ले, गुहागर, गावखडी इत्यादी किनाऱ्यांवर पोहोचला.

जानेवारी २०२२ मध्ये येथील एका मादीच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग काढणारे यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव ‘प्रथमा’. पश्चिम किनाऱ्यावरील कासवांच्या प्रवासाच्या शास्त्रीय अभ्यासातील हा महत्त्वाचा टप्पा होय. पुढे, २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली मादी २०२५ मध्ये गुहागरास अंडी घालताना आढळली, तेव्हा पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे सर्वस्वी भिन्न होत, हा समज टिकण्याजोगा राहिला नाही. महाराष्ट्राच्या सुमारे ७२० किमी. लांबीच्या किनाऱ्यावर धूप, बंधारे, वाळूचा उपसा, पर्यटकांची वाहने व दिव्यांचा झगझगाट यांमुळे अंडी घालण्याजोगी पुळण आकसत आहे. प्रखर प्रकाशाने माद्या बिचकून मागे फिरतात व पिल्ले दिशा चुकून समुद्राऐवजी दिव्यांकडे धावतात. सबब हंगामात पुळण काळोखी व मोकळी ठेवणे, हे घरट्यांभोवती कुंपण घालण्याइतकेच अगत्याचे आहे.

अर्थव्यवस्था व दळणवळण : भात, नारळ, सुपारी, आंबा व काजू ही प्रमुख उत्पन्ने. मंडणगडहून सडक आहे. रायगड जिल्ह्यातून येणाऱ्यांस बागमांडले-वेसवी ही फेरीबोट सोयीची पडते.